बेंबी

दोन्या एउलालियाच्या गोठ्यात चार दिवसांचं वासरू
उठतं, बसतं, पुन्हा उठतं,
काहीतरी विसरल्यासारखं.
मी गुडघ्यांवर. चिमटा, स्पिरिटची बाटली.
बेंबीभोवतीचे केस कापले तर आत
पांढरी दाटी, शेपट्या वर, तोंडं मांसात,
स्क्रू पिळावा तशा पिळत खाली उतरणाऱ्या अळ्या.
वास पिकून फुटलेल्या आंब्याचा, पण गोठ्यात आंबा नाही.
एक. दोन. एकोणीस. सत्त्याण्णव.
नव्व्याण्णवनंतर मोजणं सोडलं,
फॉर्मवरचा रकाना दोन आकडीच आहे.

खांबाला टांगलेला रेडिओ बोलतोय.
उत्तरेचे मंत्री म्हणतात, दक्षिणेने दार उघडं टाकलं.
दक्षिणेचे म्हणतात, स्वस्त मांस कुणाला हवं होतं?
मांस काय, चालत येतं, स्वतःच्या पायांनी, रात्रीचं.
राजधानीतले म्हणतात, माश्यांवरचा खर्च आधीच्यांनी कापला.
आधीचे म्हणतात, आमच्या काळात एक माशी नव्हती,
जणू माश्यांनी त्यांनाच मत दिलं होतं.
एक तज्ज्ञ म्हणाले, वारा.
वाऱ्याने अजून खुलासा केलेला नाही.

या वर्षी इतकी खापरं फुटली
की कुंभारांचं तरी बरं चाललं असेल.
उंट आमच्या चियापासात नाहीत,
शेळ्या हाकणारे मात्र रोज ऐकू येतात.
म्हातारी रेडिओ बंद करत नाही.
"यातला कोण येतोय," ती विचारते, "पाय धरायला?"

पाय तिचा नातू धरतो. फेर्मिन, वय नऊ.
तोंड फिरवत नाही, श्वास तेवढा रोखतो.
डोक्यावरून विमान गेलं, बुधवारचं,
गार पेट्यांतून वांझ नर सांडत, लाखांनी.
मी त्याला सांगितलं, मादी जन्मात एकदाच जुगते,
वांझाशी जुगली की तिचा वंश तिथेच संपला.
तो म्हणाला, त्या नरांना माहीत असतं का?
मी म्हटलं, पाय नीट धर.

आता जे कुठल्याच फॉर्मवर नाही ते.
फेब्रुवारी. नदीअलीकडचा नाका. पहाटेचे तीन.
ट्रक ओनेसिमोचा, माझ्या मेव्हण्याच्या गावचा.
एकतीस कालवडी,
कानांतले बिल्ले इतके नवे
की भोकांच्या कडा अजून ओल्या.
त्याने पैसे दिले नाहीत, हे मी शपथेवर सांगेन.
कॉफी दिली. थर्मासमधली, दालचिनी घातलेली.
आणि थंडी होती, आणि टॉर्चचे सेल उतरले होते,
आणि मी मागच्या रांगेपर्यंत गेलो नाही.
जखमा : नाहीत. खाली सही.
सही चांगली आली होती, वळणदार.

त्यातलीच एखादी असेल. नसेलही.
असंच बाकीचेही म्हणत असतील, रात्री, दिवा मालवल्यावर,
मंत्री, तज्ज्ञ, ओनेसिमो.
नसेलही, हा शब्द फार मऊ आहे,
त्यावर डोकं टेकून झोप लागते.

शुक्रवारी चौकशी समिती आली, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टांत.
बैल गेला आणि झोपा केला म्हणतात,
इथे झोप्याला कुलूप लावतानाचे फोटोही निघाले,
दोन वेळा, कारण पहिल्यांदा कुलूप दिसलं नव्हतं.
दोन्या एउलालियाला कुणी काही विचारलं नाही.
वासरू आदल्या रात्रीच पुरलं होतं,
चुना टाकून, नियमाप्रमाणे, चार हात खोल.
फेर्मिन खड्ड्यावर उभा राहून माती दाबत होता,
हळू, एकाच जागी, बराच वेळ.

अध्यक्षांनी मला विचारलं, तुमच्या मते कुठून आली?
मी दक्षिणेकडे बोट केलं.
त्यांनी लिहून घेतलं.
बोट अजून जांभळं होतं, परवाच्या औषधाने.
साबणाने जात नाही ते.